पोपडे आणि नीळ

२१ मे, गुरुवार

ही वही घेऊन चार महिने झाले. आज उघडली, तीही तेतुआनच्या चित्रदालनाचा मालक सी गैलान याच्या धाकाने. सकाळच्या बसने तेतुआनहून आला, घामाघूम होऊन आमच्या पायऱ्या चढला आणि अंगणात टेकवून ठेवलेल्या माझ्या चित्रांसमोर तासभर नुसता उभा राहिला. हातातला चहा पार निवला. मग म्हणाला, "बतूल, रमजानच्या आधी लावू या. बारा जूनला. आठ तयार आहेत, हे नववं तेवढं पुरं कर. दालनात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर हे एकटंच असेल. खरं सांगू? मी हे सगळं मांडतोय ते याच्याच भरवशावर."

एकावन्नाव्या वर्षी माझं पहिलं एकटीचं प्रदर्शन! पंचवीस वर्षं तेतुआनच्या शाळेत पोरांना सुरया आणि लिंबं काढायला शिकवली. चार जणांच्या गर्दीत कुठे कोपऱ्यात एखादं चित्र लागायचं तेवढंच. आता एक अख्खं दालन माझं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी त्याला आणखी चहा ओतला.

जाता जाता पायरीवरून वळून म्हणाला, "आणि प्रत्येक चित्राखाली चार ओळी हव्यात. प्रेरणा कुठून मिळाली ते लिही. लोकांना आवडतं."

प्रेरणा म्हणे! मला सकाळी उठायची प्रेरणा नसते कधी कधी.

आई बाकावर बसून बिसाऱ्याच्या सूपासाठी वाल निवडत होती. तो गेल्यावर म्हणाली, "हा माणूस एवढा वेळ भिंतीकडे काय बघत होता? घर घ्यायचंय का त्याला?"

"चित्रं बघत होता, यम्मा."

"तेच म्हणते मी. भिंतीच बघत होता."

२३ मे, शनिवार

नववं चित्र पुरुषभर उंच आहे. मागे फळी, फळीवर गोणपाट, गोणपाटावर सरस, आणि सरसावर आमच्याच अंगणातल्या भिंतीचे पोपडे. नुसत्या कापडावर लावून बघितले होते, पण कापड हललं की पोपडा तडकतो. फळीशिवाय इलाज नाही.

पोपडे मिळाले ते आईच्याच हुकमाने. रमजानच्या आधीचा शाबान महिना जवळ आला की घराला चुना देण्याआधी फुगलेलं सगळं खरवडावं लागतं. गेल्या वर्षी खुबा मोडल्यापासून तिला काठीशिवाय दोन पावलं टाकता येत नाहीत, आणि म्हणूनच तर मी इथे शावनला येऊन राहिले आहे, तात्पुरती म्हणून. तर ती बाकावरून काठीने दाखवत होती, "इथलं काढ. तिथलं काढ. त्या पेटीमागचं काढ. आणि काढलेलं ओढ्यात टाकून ये." मी काढलं सगळं. टाकलं मात्र काही नाही.

पेटीमागचा पोपडा हाताच्या पंजाएवढा निघाला. कडेने बघितला तर पातळ पातळ पदर, पांढरा, निळा, फिकट निळा, गर्द निळा, पुन्हा पांढरा. दर शाबानचा एक पदर. कुठल्या वर्षी आईने नीळ जास्त घातली, कुठल्या वर्षी हात आखडता घेतला, सगळं कळतं. आणि खाली खाली गेलं की मध्येच एक काळा पट्टा. हिरवट काळा, काजळी, बुरशी आणि धूळ यांचा, बाकीच्या पदरांपेक्षा चांगला तिप्पट जाड. मग त्याखाली पुन्हा निळं. सगळ्या मोठ्या पोपड्यांत तो आहे, एकाच खोलीवर.

काय सुंदर आहे तो! मी ते पोपडे उभे कापून चित्रात आडवे लावते आहे, एकाला एक जोडून, म्हणजे तो पट्टा या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग वाहत जाईल. अख्खं चित्र त्या काळ्यावरच उभं आहे.

वरून मोजलं तर एकोणतीस पदर भरतात. म्हणजे साधारण शहाऐंशी सालचा. त्या वर्षी स्टोव्ह बिघडला असेल, धूर झाला असेल. मी तेव्हा इथे नव्हतेच, मला काय माहीत.

२४ मे

दिवसभर धुकं. डोंगर नाही, मशीद नाही, समोरच्या घराचा जिनासुद्धा नाही. सरस वाळेना. आई म्हणाली, "आज तुझ्या चित्रांसारखाच दिवस आहे. काहीच दिसत नाही."

२७ मे, बुधवार

त्या चार ओळी लिहायला बसले. पहिल्या चित्रासाठी लिहिलं, 'समुद्राची असीमता'. मग खोडलं. ते चित्र म्हणजे कपड्यांना नीळ देताना बादलीत उरलेलं पाणी, जाळीच्या फडक्यावर ओतून वाळवलेलं. त्यात समुद्र कुठला आला? आईला नीळ जास्त लागते, बादली निळीशार राहते, ओतवेना म्हणून वापरली. झालं. यात प्रेरणा कसली?

चौथ्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या फुत्याचा तुकडा आहे. डोंगरातल्या बायका कमरेला गुंडाळतात तसलाच. पेटीच्या तळाशी मिळाला, कसर लागलेला. लिहिलं, 'लाल रंगाची उष्णता'. तेवढ्यात आई मागून डोकावली. तिला वाचता येत नाही, पण डोकावल्याशिवाय राहवत नाही.

"हा माझा फुता."

"फाटका होता, यम्मा."

"हा नेसून मी तुला मोटारतळावर शोधायला गेले होते," असं म्हणून ती पाणी प्यायला गेली.

ती अधूनमधून ते काढते. बाविसाव्या वर्षी मी न सांगता तेतुआनची बस धरली होती. चित्रकलेच्या शाळेत नाव लागलं होतं, आणि इकडे घाण्यावाल्या हमदूनशी माझा साखरपुडा ठरत होता. शाबान लागायला चार दिवस होते. मावशीकडे चिठ्ठी ठेवली. पुढे सहा वर्षं आले नाही. मग येऊ लागले, सणावाराला, दोन-दोन दिवस. आईने त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. तिला काही वाटलं असतं तर बोलली असती, ती कुणाचं बाकी ठेवत नाही.

सहाव्यात चहाच्या पेल्यांचे गोल डाग आहेत. तिथे लिहिलं, 'काळाची वर्तुळं'. आता हे वाचून माझंच मला हसू येतं आहे. पेले दोनच आहेत घरात, तिचा आणि माझा.

३० मे, शनिवार

दुपारी ओढ्याच्या आवाजात डोळा लागला. स्वप्नात अंगणातली भिंत मऊ झाली होती, ताज्या चीजसारखी. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. आत ऊब होती. कुणीतरी माझी बोटं धरली आणि एकेक करून मोजू लागलं, लहान मुलाची मोजतात तशी. मला मुळीच भीती वाटली नाही. जाग आली तेव्हा आई समोरच्या बाकावर माझ्याकडे बघत होती.

"झोपेत हात कशाला हलवत होतीस?"

"चित्र काढत होते."

"झोपेत तरी सोड ते," म्हणाली, आणि माझ्या अंगावरची चादर काठीच्या टोकाने नीट केली.

संध्याकाळी चित्राच्या वरच्या भागात राख चोळली. काळा पट्टा आता सलग झाला. त्याच्याकडे बघितलं की नजर वळवावीशी वाटते, आणि तरीही बघतच राहावंसं वाटतं. याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. सी गैलानला नक्की माहीत असेल.

२ जून, मंगळवार

गल्लीत सफेदी सुरू झाली. बायकांनी अंगरख्यासारख्या जलाब्यांचे घोळ कमरेला खोचले, डोक्याला फडकी बांधली, पिंपात चुना विरवायला घातला. खदखदत होता सकाळपासून. सगळी गल्ली ओल्या चुन्याच्या वासाने भरून गेली आहे. या वासाने मला नेहमी गुंगी येते.

शेजारची लल्ला रहीमू आली, आईची लहानपणापासूनची मैत्रीण. म्हणाली, "यंदा तुझी भिंत आम्ही देतो गं. तू नुसती बसून शिव्या घाल."

आई म्हणाली, "तुम्ही द्याल आणि ओघळ मी बघत बसू वर्षभर? कुंचला कसा धरतेस ते माहीत आहे मला. झाडू धरल्यासारखा."

दोघी हसल्या. मग रहीमू पाणी घ्यायला अंगणात आली आणि नवव्या चित्रासमोर थबकली. बराच वेळ बघत राहिली. त्या काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, न टेकवता, हवेतूनच. मग आईकडे बघितलं. आईने मान फिरवली. रहीमू पाणी न घेताच गेली.

पन्नास वर्षं चुना फासणारी बाई, पण चित्राची समज बघा! तेतुआनमधले निम्मे टीकाकार तिच्यापुढे पाणी भरतील. मी खूश झाले.

५ जून, शुक्रवार

कुसकुस शिजवलं, शेजारी वाटलं. आई जेवली नाही. थाळीत उगाच बोटं फिरवत बसली. मग विचारलं, "ते मोठं, ते तेतुआनला जाणार?"

"बुधवारी गाडी येणार आहे."

"लोक बघणार?"

"बघायलाच तर नेतात, यम्मा. पत्रिकेवरसुद्धा त्याचाच फोटो आहे."

"आपल्या गल्लीतले कुणी जातील तिकडे?"

"जावेत असं मला फार वाटतं."

तिने थाळी बाजूला सारली. खुबा दुखत असणार, हवा बदलली की ठणकतो. दुपारी तेल कोमट करून चोळून दिलं. चोळताना तिने माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. मला वाटलं झोप लागली, पण डोळे उघडे होते.

७ जून, रविवार

झालं! नववं पुरं झालं.

शेवटचा पोपडा लावला, मागे सरकून बाकावर बसले. दुपारचं ऊन अंगणाच्या अर्ध्यात होतं, ते हळूहळू चित्राच्या पायापासून वर चढत गेलं. निळे पदर एकेक करून उजळले. ऊन काळ्या पट्ट्याशी पोचलं तेव्हा मला हुंदकाच आला. कारण काहीच नाही. एवढी मोठी बाई मी, तोंडात ओढणी कोंबून रडत बसले. इतकं खरं माझ्या हातून आजवर काही झालेलं नाही, एवढं मात्र मला कळलं.

खालच्या चार ओळींसाठी लिहिलं, 'काजळीतही रंग असतो'. बरं वाटतंय.

चित्र अंगणात, गल्लीच्या दाराशी सावलीत वाळायला ठेवलं आहे. सरसाला दोन दिवस लागतील.

९ जून, मंगळवार

कसं लिहू?

सकाळी बांधाबांधीसाठी प्लॅस्टिक आणि दोर आणायला मैदानाकडच्या बाजारात गेले होते. फार तर तासभर. परत आले तर दार उघडं. आई दमून छोट्या बाकड्यावर बसलेली, काठी जमिनीवर पडलेली. हातात कुंचला, हनुवटीवर चुना, बाजूला रहीमूची बादली. आणि समोर माझं चित्र, या कडेपासून त्या कडेपर्यंत ओलं.

चुना ओला असतो तेव्हा आरपार दिसतं. सगळं चित्र तळ्याच्या तळाशी पडल्यासारखं दिसत होतं, निळं, राखाडी, मध्ये तो काळा पट्टा. आणि वरच्या कोपऱ्यापासून ते वाळू लागलं होतं. वाळेल तसं पांढरं होत होतं. माझ्या डोळ्यांदेखत एकेक पदर बुडत होता. इतकं हळू, इतकं निवांत, की क्षणभर मी नुसती बघतच राहिले.

मग ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. "यम्मा, काय केलंस तू! उद्या गाडी येणार आहे! हे चित्र आहे, भिंत नाही!"

"भिंतच आहे," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "माझीच भिंत आहे. मला माझी भिंत ओळखू येत नाही होय?"

ताजा चुना ओल्या स्पंजाने निघतो. अर्धा तास, फार तर पाऊण. मी धावत आत गेले, स्पंज भिजवला, पिळला, बाहेर आले. आई उठून चित्रासमोर उभी राहिली होती, काठीशिवाय, फळीला धरून.

"बाजूला हो, यम्मा."

"तो काळा कसला आहे, माहीत आहे तुला?"

"स्टोव्हचा धूर आहे! हो बाजूला!"

"स्टोव्ह!" ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "आपल्याकडे स्टोव्ह केव्हा आला? तू पाठवलेल्या पैशातून आला, सहा वर्षांनी. तोवर चूलच पेटायची. अगं, दोन शाबान या भिंतीला, अख्ख्या घराला चुना नव्हता. ज्या वर्षी तू गेलीस त्या वर्षी नाही आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. सगळी गल्ली पांढरीशुभ्र, आणि मध्ये माझं घर, तोंड काळं करून उभं. बायका दारावरून जाताना खाली बघायच्या. रहीमू बादली घेऊन आली होती, मी तिला हाकलून दिलं. म्हटलं, माझी पोरगी येईल आणि ती देईल. दर साली तीच खालचा अर्धा देते, मी वरचा. तिचा अर्धा तिनेच द्यायचा."

मी तिच्या खांद्यावरून पट्ट्याकडे बघितलं.

"मग तिसऱ्या साली मीच दिला, सगळा. आणि तू आता तो उकरून काढलास, कापलास, चिकटवलास, वर म्हणतेस तेतुआनच्या लोकांना दाखवते. पत्रिकेवर छापते म्हणतेस." तिने फळी आणखी घट्ट धरली. "दाखव. पण मग खाली लिही, ही अमुक अमुक बाई, दोन वर्षं हिच्या घराला चुना नव्हता, आणि का नव्हता तेही लिही."

माझ्या हातातला स्पंज गळत होता, पायावर. चित्राचा वरचा भाग आता कोरा पांढरा झाला होता, पट्टा अजून दिसत होता. म्हणजे वेळ होता अजून. मला माझ्या प्रदर्शनाची लाज वाटली, आणि तरीही ते चित्र पुसून काढायला हात शिवशिवत होते, हेही इथे लिहून ठेवते. एकावन्न वर्षांत एकच खरं चित्र झालं होतं माझ्या हातून. आणि ते खरं का झालं होतं, ते मला सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगायचं? चुना दिला नाही, हे पत्रात लिहितात?"

मी तिला धरून बाकड्यावर बसवलं. स्पंज बादलीत टाकला. मग आम्ही दोघी तिथेच बसून चित्र वाळताना बघत राहिलो. पट्टा सगळ्यात शेवटी गेला, मधला भाग तर दुपार झाली तरी ढगाआडच्या डोंगरासारखा दिसत होता.

१० जून, बुधवार

गाडी आली, आठ घेऊन गेली. फोनवर सी गैलान इतका ओरडला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "नववं म्हणजे काय तुझं एकटीचं आहे का? पत्रिका छापल्यात मी!" मी म्हटलं, "होय, माझं एकटीचं नाही, म्हणूनच नाही देत." तो म्हणाला, समोरची भिंत रिकामी दिसेल, बारा तारखेला मांडायचं की नाही ते उद्या कळवतो. कळवू दे. आठांवर काय व्हायचं ते होईल. खोटं कशाला बोलू, त्यानंतर न्हाणीत जाऊन मनसोक्त रडले.

बाहेर आले तर आई नवव्यासमोर बसलेली, काठीने ठोकत. उन्हात पांढऱ्याखालचा काळा पुसटसा, पण दिसत होता.

"एका हाताने भागलं नाही," ती म्हणाली. "खालचं दिसतंय. दुसरा द्यायला हवा."

"उद्या रहीमूला बोलावते."

"रहीमूला कशाला?"

तिने दुसरा कुंचला माझ्याकडे धरला. मी जलाब्याचा घोळ कमरेला खोचला. बादलीत थोडी नीळ टाकली, तिने बघितलं आणि बोटाने खूण केली, आणखी थोडी. वरचा अर्धा दिला तिनेच, एका हाताने फळीला धरून, उभ्याने, आणि मग हात खाली सोडून म्हणाली, "आता तुझा."

मी पट्ट्यापासून खाली सुरुवात केली. ओला चुना लागला तसा तो काळा पुन्हा स्वच्छ वर आला, अगदी पहिल्या दिवशीसारखा. माझा हात तिथेच अडला. आईने माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडेच बघत म्हणाली, "थांबू नकोस, बतूल. थांबलं की ओघळ येतात."

मी न थांबता खालच्या कडेपर्यंत दिला.